विहिरीत पाणी सोडणारी

"काका, मागच्या विहिरीकडं जाऊ नका. भूत हाय तिथं," लॉजवरच्या पप्पूनं चहा ठेवता ठेवता सांगितलं.

वाईच्या घाटालगतचं ते जुनाट लॉज. कल्लाप्पा तीन दिवसांपासून तिथं उतरला होता, पण भुताखेतांचं ऐकायला त्याला सवड होती कुठं? नऊ वर्षांपूर्वी त्याची विधवा बहीण सुंदरी भांडून सांगलीहून निघून गेली होती. तिला नोकरी करायची होती आणि हा शहाणा म्हणाला, लोक काय म्हणतील. लोक काहीच म्हणाले नाहीत. बहीण मात्र गेली. ती वाईत कुणाकडं तरी स्वयंपाक करते, एवढंच गेल्या आठवड्यात कळलं होतं. त्यानं घाट, देवळं, आळ्या सगळं पालथं घातलं. पत्ता लागला नाही. आता उद्याच्या एसटीनं परत जायचं.

पप्पूला काही राहवेना. "पांढरं लुगडं नेसती. रोज सांजच्याला बोळातनं येती. सगळी दुनिया विहिरीतनं पाणी काढती, ही बया आत सोडती. बादली भरलेली जाती, रिकामी वर येती. परवा दोन गिऱ्हाइकं बघून पळाली."

"बादली आपटती का हळू सोडती?"

"लय हळू. आत कुणी झोपल्यागत."

कल्लाप्पा चहा तसाच टाकून उठला. त्याच्या जैन घरात दिवस बुडाल्यावर कुणी खात नसे आणि प्यायचं पाणी फडक्यातून गाळत. फडक्यात अडकलेले बारीक जीव पाण्यात धुवायचे आणि ज्या विहिरीचं पाणी, तिच्यातच तळाला कडी असलेली बादली पाण्यावर उलटी करून अलगद परत सोडायचे. याला जिवाणी म्हणतात. आईनं हे दोघांना सोबतच शिकवलं होतं.

"आवं काका, कुठं निघाला?" पप्पू ओरडत राहिला.

विहिरीवर पाठमोरी बाई दोर सोडत होती. बादली पाण्याला टेकेपर्यंत कल्लाप्पा थांबला. मग म्हणाला, "सुंदरे."

तिनं वळून पाहिलं आणि भीतीनं तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती मागं सरकत भिंतीला टेकली.

"दादा, तू तर सहा वर्सामागं म्हापुरात गेलास म्हणं. गावाकडचं माणूस सांगत हुतं."

"न्हाई गं. हात लावून बघ."

तिनं आधी नुसतं बोट लावलं. मग सगळा हातच धरला आणि ढसाढसा रडली. कल्लाप्पाही रडला. खिडकीतून बघणाऱ्या पप्पूला काहीच उमगेना.

"माझं चुकलं," कल्लाप्पा म्हणाला. "घरी चल."

सुंदरीनं पदरानं डोळे पुसले आणि मावळतीकडं पाहिलं.

"तुझ्या नावानं सहा वर्सं गोड सोडलंय मी. दिवस बुडायच्या आत पळ, आधी कंदी पेढे आण."