जिना

किल्लारीच्या भूकंपात घराचं मातीचं माळवद कोसळून आई गेली, तेव्हापासून सिद्धम्मा जिना चढली नव्हती. लेकीलाही तिने एकच शिकवलं होतं: जमीन हलली की मैदान गाठायचं. लेक अंजू अंदमानात शिक्षिका होती. दुपारी तिचा फोन आला. “अव्वा, लई हादरलं. समुद्र मागं सरकायलाय.” “मैदानात पळ.” “मैदान किनाऱ्यालाच हाय. पोरं घेऊन टेकडीवर निघाले.” रेंज गेली. सिद्धम्माच्या निलंग्यातल्या घरात रेंज गच्चीवरच टिकायची. सिद्धम्मा भिंत धरत एकेक पायरी चढली. तासाभराने फोन लागला. “लाट येऊन गेली. समदे टेकडीवर हाओत.” “मग उतर, जेव.” “न्हाई. मागून मोठ्या लाटा येतात. अधिकारी सांगेपर्यंत थांबायचं. तू कुठं हायस?” “गच्चीवर.” “अव्वा, खाली उतर.” सिद्धम्माने पूर्वेकडे पाहिलं, उसापलीकडे काही दिसेना. “तू उतरलीस की मीबी उतरते.”