विनूचा ताप

"याला घाम येतो का?" ओजसच्या तोंडातले दोनच टोकदार दात पाहून दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, आणि ज्योत्स्नाने नकारार्थी मान हलवली. आपल्या चार वर्षांच्या लेकाला घाम आलेला तिने कधी पाहिलाच नव्हता.

हा जन्मजात आजार आहे, डॉक्टर म्हणाले. दात उगवत नाहीत, कातडी कोरडी राहते, घाम नसल्याने उन्हात अंग तापत जातं. आईकडून मुलाकडे उतरतो. "तुमच्या माहेरी कुणाला होता?"

ज्योत्स्नाला विनू आठवला. तिचा धाकटा भाऊ, अगदी तसाच बोळक्या तोंडाचा. आई त्याला चंद्रपूरच्या भर उन्हात एका लग्नाला घेऊन गेली होती. परतला तो तापाने फणफणतच, आणि त्याच रात्री गेला. "पोर तूच घालवलंस," हे वडील मरेपर्यंत आईला ऐकवत राहिले.

ज्योत्स्ना तडक माहेरी गेली. "आई, तुझी काही चूक नव्हती गं. विनूला हाच आजार होता." तिला वाटलं, आता तरी आईच्या मनावरचं ओझं उतरेल.

"मग अशा पोराला करायचं काय?" आईने, गिरजाबाईंनी, विचारलं.

"उन्हात न्यायचं नाही. आणि अंग तापलं की ओल्या फडक्यानं पुसत राहायचं."

"गार पाण्यानं?" गिरजाबाईंनी खात्री करून घेतली. "आणि मी त्याला रात्रभर गोधडीत गुंडाळून बसले होते गं."