दोन दिवे

"मान वर. अजून थोडी," समाधान म्हणाला आणि पडद्याच्या दांडीला अडकवलेला दिवा त्याने सानिकाच्या तोंडावर वळवला. दुसरा दिवा टेबलावर होता, लॅपटॉपला खेटून. "ऑपरेशन थिएटरमध्ये पेशंटवर पण एवढा उजेड पाडत नाही आम्ही."

"हसवू नकोस. आधीच घाम येतोय."

दुपारचे पावणेचार वाजले होते. आखातातल्या, अल मलाझ वस्तीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत खिडकीतून इतकं ऊन येत होतं, की त्यांची पाच वर्षांची लेक रूथ भिंतीवर हाताच्या सावलीचा ससा करत बसली होती. तरी दिवे लावावे लागायचे.

सानिका हॉस्पिटलची ड्युटी सांभाळून अमेरिकेतल्या एका ख्रिस्ती विद्यापीठाचं नर्सिंगचं एमएस्सी घरून करत होती. परीक्षेत कुणी कॉपी करू नये म्हणून विद्यापीठाची एक यंत्रणा लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून नजर ठेवायची. गोरे चेहरे तिला चटकन सापडायचे. सानिकाचा सापडायचा नाही. 'चेहरा दिसत नाही' अशी लाल पाटी यायची आणि पेपर थांबायचा. शेवटच्या पेपरला दोन दिवे लावूनही तो थांबला, तो पुन्हा सुरूच झाला नाही. शेरा आला, विद्यार्थिनी जागेवर नव्हती. नापास.

तक्रार केली तर उत्तर आलं, खोलीत पुरेसा उजेड ठेवावा. खाली लिहिलं होतं, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करत आहोत. त्याच विद्यापीठाच्या वेबसाइटवर, पहिल्याच पानावर, सानिकाचा हसरा फोटो होता.

मग अकरा जणांनी मिळून पत्र लिहिलं. केनियातले, हैतीतले, एक मदुराईचा. सगळे काळेसावळे. डीन मॅडमनी आज चारची वेळ दिली होती. बोलायचं सानिकाने, कारण नापास तीच झाली होती. तो शेरा पुसला जाणार की तिचं वर्ष जाणार, ते आज ठरणार होतं.

"शांतपणे बोल हं," समाधान बूट घालता घालता म्हणाला. "चिडू नकोस."

"मी कधी चिडते?"

समाधानने रूथकडे पाहिलं. रूथ तोंडावर हात ठेवून खुदकन हसली.

खाली हॉस्पिटलच्या बसचा हॉर्न वाजला. "यल्ला, निघतो." त्याने सानिकाच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला आणि गेला.

सानिकाने कागदावरचे मुद्दे पुन्हा वाचायला घेतले. तेवढ्यात रूथ बाथरूममधून आली, मांडीवर चढून बसली आणि तिने पावडरचा डबा उघडला.

"मम्मा, डोन्ट मूव्ह."

"काय करतेस गं?"

"अब आप दिखोगे. कम्प्युटर को." इवल्या तळहाताने ती आईच्या गालांवर पावडर थापत होती. एक गाल, मग दुसरा. अगदी मन लावून, जीभ बाहेर काढून. तिच्या स्वतःच्या नाकावरही पांढरा ठिपका होता.

"हे काय, तू पण?"

"टुमारो मेरा भी ऑनलाइन है ना." उद्या धुळीचं वादळ येणार म्हणून शाळा घरूनच होती.

सानिकाने ओढणीच्या टोकाने तिचं नाक पुसलं. नीट, सावकाश पुसलं. "तुला काही गरज नाही याची."

"आपको है?"

सानिकाने रूथला खाली ठेवलं, उठून पडद्याच्या दांडीवरचा दिवा बंद केला. मग टेबलावरचा. ओढणी गालावरून फिरवतच होती, तोवर लॅपटॉप वाजायला लागला.

पडद्यावर डीन मॅडम आल्या. पिकलेले केस, हातात कॉफीचा कप. त्यांच्याकडे सकाळ होती. त्यांनी डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना केली. इथे ख्रिस्ती प्रार्थना मोठ्याने करायची नसते, त्या सवयीने सानिकाने आमेन हळूच म्हटलं.

"सानिका, आहात ना तुम्ही?" त्या इंग्रजीत, मायेने म्हणाल्या. "जरा एखादा दिवा लावता का? तुमचा चेहरा नीट दिसत नाहीये मला."

टेबलाखालून रूथचा हात दिव्याच्या बटणाकडे गेला. सानिकाने तिचं बोट आपल्या मुठीत धरलं.

"दिवा नको, मॅडम. खोलीत लख्ख ऊन आहे. मला इथलं सगळं दिसतंय."

सानिकाच्या हातातला मुद्द्यांचा कागद पंख्याने फडफडत होता. डीन मॅडमनी कप खाली ठेवला, चष्मा लावला आणि त्या पुढे वाकल्या. इतक्या, की पडद्यावर नुसते त्यांचे डोळे उरले. त्या बघत राहिल्या.

"तुमच्या उजव्या गालाला काहीतरी लागलंय," त्या म्हणाल्या. "पांढरं."

सानिकाचा हात पुसायला वर गेला, आणि तसाच खाली आला.

"पावडर आहे. माझ्या मुलीने लावली. मी तुम्हाला दिसावी म्हणून."

डीन मॅडमनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. टेबलाच्या कडेवरून एक डोकं हळूहळू वर आलं. कुरळे केस, नाक पुसून लख्ख झालेलं.

"हॅलो," रूथ म्हणाली. "कॅन यू सी मी?"