काटा चढताना

"बटणाला काय कळतंय गं? व्हॉल्व्ह हातानंच फिरवायचा असतो," म्हणत पप्पा टाकीला खेटूनच उभे राहिले. टाकीतल्या पाण्यात पप्पांच्या लॅबमधल्या संशोधक मॅडमची एकुलती एक कॅमेऱ्याची पेटी होती, समुद्राच्या तळाशी जाणारी. ती तिथला दाब सोसते का ते बघायला पाण्याचा दाब हळूहळू वाढवायचा. झटका बसला की पेटीची काच फुटलीच. इतकी वर्षं पप्पा हातानं करायचे ते काम आज माझा प्रोग्रॅम करणार होता. दहावीतल्या पोरीचा!

मी बटण दाबलं. दाबाचा काटा झक्कास चढला आणि मध्येच थरथरायला लागला. "बघ, वेडं झालं तुझं मशीन!" पप्पा म्हणाले. मॅडम ओरडल्या, "बंद करा!"

बंद करायला बोट नेलं आणि मला दिसलं, पप्पांचा हात सवयीनं व्हॉल्व्हवरच होता. काटा मंदावला की ते थोडं पिळत होते आणि मशीन तेवढाच दाब सोडत होतं.

"पप्पा, हात काढा!" आमच्या घरात त्यांच्याशी असं कुणी बोलत नाही.

त्यांनी हात काढला. काटा सावरला आणि शहाण्यासारखा वर निघाला.

पप्पांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "मॅडम, पुढचं काही असेल तर हिला विचारा."