शेजाऱ्यांपेक्षा जास्त

स्मार्ट मीटरच्या आकड्यांवर पीएचडी करणारा अंबरीश भोपाळमधल्या दोनशे घरांना दर महिन्याला मेसेज पाठवायचा: 'तुमच्याकडे शेजाऱ्यांपेक्षा जास्त वीज लागते.' लाजेखातर माणसं वापर कमी करतात, हे त्याला सिद्ध करायचं होतं. तिथल्याच कोटरा सुल्तानाबाद वस्तीतल्या एका घराचा वापर पाचव्या मेसेजनंतर निम्म्यावर आला. खूश होऊन तो वीजबचतीचं प्रमाणपत्र घेऊनच तिथे गेला. दार सत्तरीतल्या काकांनी उघडलं. "काका, नेमकं काय बंद केलंत?" त्यानं वही उघडत विचारलं. त्यांनी चादरीनं झाकलेलं ऑक्सिजनचं मशीन दाखवलं. "हे रात्रंदिवस चालायचं. तुमचा मेसेज आला की बायको म्हणायची, 'माझ्यामुळेच जास्त लागते, जरा बंद करा.' मी कधीच केलं नाही. गेल्या महिन्यात ती गेली." अंबरीशनं प्रमाणपत्र पिशवीतून काढलंच नाही. "या महिन्यात मेसेज नाही आला," काका म्हणाले. "शेजाऱ्यांइतकीच लागते ना आता?"