वाऱ्यावरची चादर

अनसूयाबाई कार्डिफजवळच्या किनाऱ्यावर टॉवेल घेऊन उभ्या होत्या. त्यांची डॉक्टर लेक कस्तुरी छातीभर पाण्यात विंडसर्फिंगच्या शीड लावलेल्या फळीशी झटत होती. उद्या बाईंचं परतीचं विमान. ही खोल समुद्रात पडली, तर फळीवर पुन्हा उभी कशी राहणार, हा घोर होता. आठव्यांदा शीड अंगावर ओढून कस्तुरी बुडाली, खोकत वर आली. “शीट इन!” शिकवणारा ओरडला. “काय म्हणतोय गं?” “शीट आत घे, म्हणजे शिडात वारं धर म्हणतोय, आई!” “चादर होय? मग वाळत घालताना धरतेस तशी धर की! ओढतेस कशाला? हात उंच कर, वारं भरेल आपोआप!” कस्तुरीला हसू फुटलं. ओढ सैलावली, हात वर गेले. शीड फुगलं आणि त्यानं तिला पाण्यातून उचलून फळीवर उभं केलं. हुश्श म्हणत बाईंनी पिळून पिळून दोर केलेला कोरडा टॉवेल उलगडला.