साबणाच्या नावाखाली

“सातव्या पानावर आहात, काका,” शेजारची सून म्हणाली. “त्याच्या आधीची सहा पानं नुसता साबण.”

मेकॅनिकने चष्मा कपाळावर सरकवला आणि तो पडद्याजवळ वाकला. गूगलमध्ये मुलीचं नाव त्यानेच टाइप केलं होतं. समोर आली ती गुलाबी वडी, तिची दुकानं, तिच्या जाहिराती, तीनवर एक फुकट. सातव्या पानाच्या तळाशी त्याचा ब्लॉग.

मुलगी लग्नावरून भांडून घरातून गेली, त्यानंतर तिने नंबर बदलला. कुठे राहते ते मैत्रिणींनाही सांगितलं नव्हतं. माणूस कधी ना कधी स्वतःचं नाव इंटरनेटवर शोधून बघतंच, असं बस डेपोत कुणीतरी बोललं, आणि त्याने तिच्या नावाने ब्लॉग काढला. सुट्टीच्या दिवशी तो चार ओळी लिहायचा. जिन्यातला दिवा एकदाचा लागला. आईचे गुडघे दुखतात, पण ऐकेल तर शपथ. माझं चुकलं. ये. मग एका कंपनीने नवा साबण काढला आणि त्याला नेमकं तेच नाव दिलं.

शेजारच्या सुनेचं कामच वेबसाइटचं होतं. “त्यांच्यापुढे आपला टिकाव नाही लागायचा,” ती म्हणाली. “त्यांच्या पानाकडे हजार ठिकाणांहून वाट जाते. तुमच्याकडे कुठून येणार? एक करू या. नावापुढे आडनाव जोडू.”

“आता कुठलं आडनाव लावते, मला काय माहीत?”

भाजी निवडणाऱ्या बायकोचे हात थांबले. “त्या दिवशी नीट ऐकून घेतलं असतंत, तर माहीत असतं.”



“मग एकच उरतं,” सून म्हणाली. “लोक जे शोधतायत, त्यावरच लिहायचं. साबणावर लिहा. त्याच्या खाली तुमचं लिहा.”

“मी? साबणावर?”

पण दुसऱ्या दिवशी येताना तो साबण घेऊन आला. डेपोतले काळे हात मोरीत घासघासून धुतले आणि लिहायला बसला. ‘वास बरा आहे. फेस भरपूर. ग्रीस निघत नाही, नखांतलं तर मुळीच नाही. ओला ठेवला तर दोन दिवसांत लगदा होतो.’ खाली एक ओळ सोडून लिहिलं, ‘बाळा, आम्ही याच घरात आहोत. दोघंही या.’

लोकांना ते आवडलं. एकाने दुसऱ्याला पाठवलं. पान वर सरकत गेलं आणि एका सकाळी चक्क पहिल्या पानावर दिसलं, अगदी शेवटी, पण पहिल्या. बायकोने हात पुसत येऊन बघितलं. लोक लिहायला लागले. थँक्यू काका, पैसे वाचले. याने केस धुतले तर चालतील का? ग्रीसवालं भारी होतं, हसून हसून पुरेवाट झाली.

खालच्या ओळीबद्दल कुणी काही विचारलं नाही.

“ती ओळ काढलीत तर आणखी वर जाल,” सून चाचरत म्हणाली. “तिथवर आले की लोक पान बंद करतात.”

त्याने ओळ काढली नाही. पुढे कंपनीने नव्या जाहिराती ओतल्या, त्याच्यासारखे आणखी दहा जण साबणावर लिहायला लागले. पान दुसऱ्यावर गेलं, तिसऱ्यावर गेलं. सून यायची कमी झाली. तिच्याजवळही आता सांगण्यासारखं काही नव्हतं.

प्रश्न तेवढे अधूनमधून यायचे. तो जेवण झाल्यावर बसून एकेकाला उत्तर द्यायचा. कोरड्या कातडीला नको. हो, गरम पाणी चालेल. तेच तेच लिहून बोटांना सवय झाली होती.

त्या दिवशी कुणीतरी विचारलं होतं, लहान मुलांना चालतो का? खाली नाव नव्हतं. त्याने टाइप करायला घेतलं, ‘नाही, डोळ्यांना झोंबतो.’

“थांबा,” बायको मागून म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली, त्याला कळलं नव्हतं.

“आधी विचारा, मूल केवढं आहे.”